बेपत्ता माणसाचा पत्ता

वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती वाचण्याची मला फार जुनी खोड आहे. एखादे दिवशी अग्रलेख राहिला तरी चालतो. पण बारीक टाइपातला तो मजकूर नजरेखालून गेला नाही तर सकाळचा चहा अंगी लागत नाही. जागा भाड्याने देणे आहे, नावात बदल केला आहे, अशा गर्दीत मधूनच एक अंगठ्याएवढा फोटो दिसतो. खाली चार ओळी असतात. वय १६, वर्ण सावळा, बांधा सडपातळ, अंगात निळा शर्ट. मग ती नेहमीची विनवणी. कुणी रागावणार नाही, आई अंथरुणाला खिळली आहे, असशील तेथून निघून ये.

आपण हळहळतो आणि पान उलटतो. तो मुलगा परत आला की नाही, हे दुसऱ्या दिवशीच्या अंकात कधीच नसते. हरवल्याची जाहिरात लोक देतात. सापडल्याची कोण देणार? आणि वाचकाला तर शेवट हवा असतो. ‘पुढे काय झाले?’ हा प्रश्न लहान मुलाच्या तोंडी जितका असतो, तितकाच तो पेन्शनीत निघालेल्या गृहस्थाच्याही मनात असतो. रहस्यकथांचा सारा बाजार याच एका प्रश्नावर उभा आहे. कोणी तरी नाहीसे होते, हुशार गुप्तहेर येतो, शेवटच्या पानावर छडा लागतो आणि आपण दिवा मालवून स्वस्थ झोपतो. पण मधली दोनशे पाने त्या नाहीशा झालेल्या माणसाच्या घरी काय चालले होते? तेथे स्वयंपाक होत होता का? दूधवाल्याचे बिल कोणी दिले? रहस्यकथेत याचा उल्लेखही नसतो.

हे सारे आठवण्याचे कारण, गेल्या मे महिन्याच्या सुटीत वाचलेली एक इंग्रजी कादंबरी. आमच्या महाविद्यालयातल्या इंग्रजीच्या प्राध्यापिकाबाईंनी ती मला दिली. स्ट्यूअर्ट ओ’नॅन या अमेरिकन लेखकाची ‘साँग्ज फॉर द मिसिंग’ ही ती कादंबरी, २००८ साली प्रसिद्ध झालेली. मराठी शिकविणारा माणूस इंग्रजी कादंबरी हाती घेतो तेव्हा दहाव्या पानावर त्याला डुलकी लागते, असा आमच्या स्टाफरूममध्ये माझ्याबद्दल एक समज आहे. या खेपेस मात्र रात्रीचे दोन वाजले तरी पुस्तक मिटवेना.

कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या जवळ, किंग्जव्हिल नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथली किम लार्सन ही अठरा वर्षांची मुलगी २००५ सालच्या उन्हाळ्यात, कॉलेजला जाण्यापूर्वीच्या शेवटच्या सुटीत, मित्रमैत्रिणींबरोबर नदीवर पोहून येते, आपल्या जुन्या मोटारीत बसून पेट्रोलपंपावरच्या नोकरीला निघते आणि तेथे पोहोचतच नाही. बस्स. येथून पुढे कादंबरी किमच्या मागे जात नाही. ती जाते घरी, किमच्या आईवडिलांकडे आणि पंधरा वर्षांच्या धाकट्या बहिणीकडे.

वडिलांचे नाव एड. घरे-जमिनी विकून देण्याचा त्यांचा व्यवसाय, आणि तोही बेताचाच चाललेला. मुलगी गेल्यावर या माणसाला खुर्चीत बसवत नाही. तो शेते, झाडी, रस्त्याकडेची गवते पायांखाली घालतो. पुढे किमची मोटार पश्चिमेला सॅन्डस्की या गावी सापडते, तेव्हा तो तेथे जाऊन शोध घेत फिरतो. आई फ्रॅन इस्पितळात नोकरीला आहे. तिचा शोध वेगळ्या वाटेने चालतो. ती पत्रके छापते, बिल्ले करते, वेबसाइट काढते, टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्यासमोर उभी राहते. कॅमेऱ्यापुढे रडायचे कधी आणि रडू आवरायचे कधी, हेही तिला शिकून घ्यावे लागते. आणि लिंडसे? तिला काहीच काम नाही. ‘तू घरी थांब’ एवढेच तिला सांगितले जाते. इकडे किमच्या मित्रमंडळींनी पोलिसांपासून काही गोष्टी दडवून ठेवल्या आहेत, त्यांचा भार ती पोरे आपापल्या परीने वाहत असतात.

शेवट मी येथे सांगणार नाही. ज्यांना ही कादंबरी वाचावयाची असेल त्यांचा विरस कशाला करा? पण शेवटासाठी ती वाचू नये, एवढे मात्र अवश्य सांगेन. ओ’नॅन यांनी रहस्यकथेचा अंगरखा उलटा करून त्याची आतली शिवण आपल्याला दाखविली आहे. माणूस हरविल्यावर घरच्यांच्या वाट्याला नुसते दुःख येत नाही, काम येते, हे मी त्या पुस्तकात वाचले आणि मनोमन मान डोलावली. रोजचे, कंटाळवाणे, न संपणारे काम! फोन उचलायचे, फोटो निवडायचा, तीच हकिगत पन्नासदा सांगायची, मदतीला आलेल्यांना चहा-कॉफी द्यायची, आणि लोकांचे येणे कमी होऊ लागले की त्यांना पुन्हा बोलवायचे. हे काम मी पाहिले आहे, आमच्या मिरजेच्या मावशीच्या घरी.

मावशीचा मोठा मुलगा, आम्हा सर्व भावंडांचा दादा, १९९४ सालच्या जून महिन्यात घरातून गेला. तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. दहावीचा निकाल लागला होता आणि चांगला लागला होता. घरात भांडण नव्हते, कोणी बोलले नव्हते. संध्याकाळी तो दळण आणायला म्हणून गिरणीत गेला. गिरणीवाल्याने गव्हाचे पीठ काढून डबा बाजूला ठेवला होता. तो डबा रात्री काकांनी घरी आणला.

काका रेल्वेत कारकून होते आणि मिरज हे तर मोठे जंक्शन. कोल्हापूर, पुणे, बेळगाव, पंढरपूर. मुलगा कोणत्या गाडीत बसला असेल, या प्रश्नाला तेथे चार दिशांची चार उत्तरे होती. एडसारखेच काकांचेही पाय घरात ठरेनात. महिन्यातून एकदा तरी ते रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जात. रेल्वेचे पास संपले की पदरचे तिकीट काढून जात. दादर, व्ही. टी., डोंगरीचे रिमांड होम, जे. जे. इस्पितळ अशी त्यांची फेरी ठरलेली असे. परत आले की चप्पल काढताकाढता मावशीकडे पाहून मान हलवीत. त्यानंतर मावशी काही न बोलता चहा टाकी. हा क्रम किती वर्षे चालला, ते मोजलेले नाही.

फ्रॅनने वेबसाइट काढली. मावशीच्या हाती तेव्हा काय होते? वर्तमानपत्रातली जाहिरात आणि मुंबई दूरदर्शनवरचे ‘आपण यांना पाहिलंत का?’. दादाचा मुंजीतला फोटो लहानपणचा, शाळेतला फोटो घोळक्यातला. अखेर दहावीच्या परीक्षा-अर्जासाठी काढलेल्या फोटोची उरलेली प्रत सापडली, ती पाठविली. ज्या दिवशी तो फोटो पडद्यावर आला त्या दिवशी सारी आळी मावशीच्या खोलीत दाटीने बसली होती. फोटो आला आणि क्षणात गेला. ‘नीट दिसला ना रे?’ असे मावशीने मला विचारले. मी तेरा वर्षांचा होतो. ‘दिसला,’ म्हणालो.

पुढे ज्योतिषी झाले. एकाने सांगितले, मुलगा दक्षिणेला आहे, पाण्याजवळ आहे. दक्षिणेला पाण्याजवळ नाही असे गाव कोणते, ते मात्र त्याने सांगितले नाही. हरवलेली वस्तू आणि माणूस परत मिळावा म्हणून आपल्याकडे कार्तवीर्यार्जुनाचा जप करण्याची चाल आहे. तो जप झाला. नवस झाले. अमेरिकेतल्या त्या गावात स्वयंसेवक रांग धरून शेते धुंडाळत होते आणि मिरजेत बायका मावशीची ओटी भरून ‘येईल हो’ म्हणत होत्या. रीत निराळी, पण आत काही फरक आहे असे मला वाटत नाही. आणि दोन्हीकडे लोक दमले तेही सारख्याच रीतीने. पहिला महिना घर भरलेले. सहा महिन्यांनी निवडक माणसे. वर्षानंतर रस्त्यात मावशी दिसली की लोक पिशवीतल्या भाजीकडे पाहू लागले. त्यांनाही शेवट हवा होता, आणि मावशीजवळ तो नव्हता.

कादंबरीतली लिंडसे वाचताना मला सारखी आमची धाकटी दिसत होती. मावशीची मुलगी, माझ्याच बरोबरीची. दादा गेला आणि तिच्या बालपणाचे दार लागले. शाळेतून यायला दहा मिनिटे उशीर झाला तर काका सायकल घेऊन निघत. तिने मोठ्याने हसणे बरे दिसत नसे, आणि गप्प बसली तर ‘तुला काही ठाऊक आहे का?’ असे कोणीतरी विचारी. सहलीला जाणे नाही, पुण्याला शिकायला जाण्याचे तर नावच नको. हरवलेल्या मुलाच्या भावंडाला हरवण्याची तर राहोच, थोडे दूर जाण्याचीही मुभा नसते. आज ती चव्वेचाळीस वर्षांची आहे, घरात एकटीच उरलेली आहे; तरी सारे नातेवाईक तिला ‘धाकटी’च म्हणतात. थोरला नसतानाही ती धाकटीच राहिली.

मी व्याकरण शिकविणारा माणूस. त्यामुळे मावशीच्या घरी गेलो की माझे लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे जाई, ती म्हणजे क्रियापदांकडे. गेलेल्या माणसाबद्दल आपण रीतिभूतकाळात बोलतो. ‘त्यांना गोड आवडत असे’ या एका ‘असे’त दहावे-बारावे सारे उरकलेले असते. मावशीच्या तोंडी दादाविषयी हा काळ मी कधी ऐकला नाही. ‘दादाला शेपू आवडत नाही’ असेच ती म्हणते, आणि शेपूची भाजी त्या घरात शिजत नाही. आज तो असेल तर सत्तेचाळीस वर्षांचा असेल. त्याला आता शेपू आवडतही असेल. पण मावशीच्या वाक्यातला वर्तमानकाळ १९९४ च्या जूनमध्ये थांबलेला आहे. इतर माणसांची मात्र पंचाईत होते. ती ‘दादा होता तेव्हा’ असे सुरू करतात, मग अडखळतात आणि विषय बदलतात.

पॉलीन बॉस या अमेरिकन विदुषीने १९७० च्या दशकात या अवस्थेचा अभ्यास केला. व्हिएतनामच्या युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांनी प्रारंभ केला आणि या अवस्थेला एक नाव दिले. मराठीत त्याला ‘संदिग्ध वियोग’ म्हणता येईल. माणूस डोळ्यांपुढे नाही, पण मनातून गेलेला नाही. म्हणून शोकही करता येत नाही आणि आशाही सोडवत नाही. अशा माणसांना ‘आता सोडा, पुढे चला’ म्हणण्यात अर्थ नाही, दोन्ही गोष्टी एकदम मनात बाळगून जगायला त्यांना बळ दिले पाहिजे, असे त्यांचे सांगणे आहे.

पण समाजाला हिशेब मिटवायचे असतात. आपल्या धर्मशास्त्रकारांनी बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग त्याचा पुतळा करून अंत्यसंस्कार करावेत, असे सांगून ठेवले आहे. २००६ साली बारा वर्षे झाली तेव्हा घरच्या उपाध्यायांनी भीतभीत हा विषय काढला. मावशीने विचारले, ‘आणि नंतर तो आला तर?’ गुरुजी जाणते होते. त्यांनी सांगितले की त्याचीही सोय आहे. अशा माणसाला तुपात बुडवून स्नान घालावे आणि जातकर्मापासूनचे सारे संस्कार पुन्हा करावेत, जणू तो नव्याने जन्मला. मावशी म्हणाली, ‘म्हणजे पुन्हा बारसे, पुन्हा मुंज! मग आधी मारायचा कशाला?’ विधी झाला नाही. मला मात्र त्या जुन्या शास्त्रकारांचे कौतुक वाटले. बारा वर्षांनी दार लावताना त्यांनी कडी घातली नव्हती.

काका २००९ साली वारले. त्यानंतर मावशी त्या जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. धाकटी लग्नानंतर पुण्यास असते. ती दर सुटीत येऊन ‘चल’ म्हणे, आणि मावशी नको म्हणे. त्याचे कारण तिने मला एकदा सांगितले. ‘अरे, बेपत्ता तो आहे, आम्ही नाही. त्याला एकच पत्ता ठाऊक आहे. तो कसा बदलू?’

‘बेपत्ता’ या शब्दाकडे मी तोपर्यंत असे पाहिलेच नव्हते. जो बेपत्ता होतो तो मोकळा असतो. घरच्यांना मात्र त्याच्यासाठी एक पत्ता जन्मभर राखून ठेवावा लागतो. ओ’नॅन यांच्या कादंबरीतली आई किंवा आमची मावशी जी धडपड करते ती नुसती आशेपोटी नसते. ती राखण असते. परत येणाऱ्याला दार ओळखू यावे, एवढ्यासाठी ती उभी असते.

पण वाडा काही मावशीसाठी थांबणार नव्हता. तो मोडकळीस आला होता, आणि नवी इमारत होण्याची वाट शेजारची पाच बिऱ्हाडे पाहत होती. काकांनी मृत्युपत्र केले नव्हते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मावशी, दादा आणि धाकटी असे तिघे सारखे वारस. कागदावर तिघांच्या सह्या हव्यात, आणि एक सही तर १९९४ पासून बेपत्ता! वकिलांनी मार्ग सांगितला. ज्याची बातमी सात वर्षांत त्याच्या जवळच्यांना लागलेली नाही, तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. १८७२ च्या पुरावा कायद्यातले हे कलम १०८; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ झाले आहे. त्याच्या आधारे दिवाणी न्यायालयात दावा लावायचा आणि घोषणा मागायची.

यंदा, २०२५ च्या उन्हाळ्यात, त्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा घेऊन धाकटी आणि मी मिरजेस गेलो. वाटेत गाडीत ती मला म्हणाली, ‘आईला मी दुष्ट वाटेन. पण एकतीस वर्षे मी घरीच थांबले आहे रे. आता तिने माझ्या घरी यावे, एवढेच मागते आहे.’ मी काय बोलणार? दोघींचेही खरे होते.

मावशीने चष्मा लावून मसुदा दोनदा वाचला. टंकलेखकाने एके ठिकाणी दादाच्या नावामागे ‘मयत’ असे छापले होते. त्यावर तिने पेनाने रेघ मारली. मग मला विचारले, ‘कायद्याला नेमके काय हवे आहे? तो गेला असे मी म्हणायला हवे का?’ मी वकिलांना फोन लावला. ते म्हणाले, मुळीच नको. आईंनी फक्त जे खरे आहे तेवढे सांगावे, निष्कर्ष न्यायालय काढील. तेव्हा मावशीने माझ्याकडे कागद सरकवला आणि सांगितले, ‘मग तू मराठीचा ना? लिही. माझ्या मुलाची काहीही खबर आजपर्यंत आलेली नाही.’

मी लिहिले. ‘आलेली नाही’ हा पूर्ण वर्तमानकाळ. वर्गात गेली वीस वर्षे मी तो फळ्यावर लिहितो आहे, पण त्या काळात एवढी जागा असते हे मला ठाऊक नव्हते. त्यात खोटे काही नाही, आणि उद्याचे दारही लागत नाही. मावशीने ‘आजपर्यंत’ या शब्दाखाली एक रेघ ओढली आणि सही केली.

त्यानंतरचे चार दिवस तिने कामात घालविले. धाकटीचा पुण्याचा पत्ता आणि फोन नंबर सुवाच्य अक्षरांत पोस्टकार्डांवर लिहून काढला. एक कार्ड पोस्टमनला, एक गिरणीवाल्याच्या मुलाला, एक दत्ताच्या देवळात, एक स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला, आणि एक इमारत बांधणाऱ्याच्या मुकादमाला. मुकादम नवा माणूस. त्याने विचारले, ‘आजी, कोण यायचे आहे?’ मावशीने सांगितले, ‘मुलगा.’

दावा सध्या न्यायालयात आहे. मावशी पुण्यास रुळली आहे, म्हणजे निदान भाजीवाल्याशी भांडू लागली आहे. दादा गेला त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ साली, मुंबईत मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी सुरू झाला. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने, मूल हरवल्याची प्रत्येक तक्रार गुन्हा म्हणूनच नोंदवून घ्यावी, असा आदेश दिला. आजच्या आईबापांना निदान एवढा आधार आहे. पण शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी कसे वागावे, याचा कायदा होत नाही. अशा घरी गेलात तर शेवट विचारू नका, आणि तो आपल्या मनाने लावूनही देऊ नका. त्या घरातली माणसे ज्या काळात बोलत असतील त्याच काळात त्यांच्याशी बोला. आणि तेथे कोणी धाकटे असेल तर त्याला थोडा वेळ बाहेर फिरायला घेऊन जा.

ती कादंबरी मी प्राध्यापिकाबाईंना परत केली नाही. त्यांच्या संमतीने ती आता धाकटीकडे आहे. परवा तिचा फोन आला होता. म्हणाली, ‘लिंडसेपर्यंत पोहोचले आहे. हळूहळू वाचते आहे.’ मागे मावशीचा आवाज येत होता. ती नातवाला सांगत होती की शेपू खायची असेल तर खा, पण मामाला आवडत नाही.